आईच्या गुडघ्यांसाठी सीबीडी कॅप्सूल आणल्यात, किती द्याव्यात?

देवणीकर (जि. लातूर)

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, वजन ५८ किलो. दोन्ही गुडघे लई दुखायलेत. एक्स-रे काढला तर झीज झालीय, पुढंमागं बदलावे लागतील असं सांगितलं. आई ऑपरेशनला तयार नाही. दिवसा कामाच्या नादात निभतं, पण रात्री कूस बदलली की कळ निघते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

पुण्याच्या मावसभावानं सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातल्या एका घटकाच्या, कॅप्सूल सुचवल्या म्हणून ऑनलाइन मागवल्या. फोनवर एका डॉक्टरांनी दोन मिनिटं बोलून चिठ्ठी दिली, कुठं दुखतं एवढंच विचारलं. डबीवर 'फुल स्पेक्ट्रम विजया अर्क, १५०० मि.ग्रॅ.' असं छापलंय, आत ३० कॅप्सूल आहेत. चार रात्री एकेक दिली. झोप लागली, हे खरं. पण सकाळी उठल्यावर गरगरतंय म्हणते. भाऊ म्हणतो दोन कर, दुखणंही थांबेल. करू का? आणि याहून चांगली कंपनी कोणती?

वडिलांना वेगळीच धास्ती. गांजाचं औषध घरात आहे म्हणून पोलीस येतील का, असं विचारायलेत. तुरीच्या पाट्यात झाडं सापडली म्हणून केस झालेल्या त्यांनी पाहिल्यात.

मोंढ्यावरचा (जालना)

भाऊ, दोन करू नका. आधीच गरगरायलंय म्हणता. रात्री लघवीला उठल्या आणि पडल्या तर गुडघा राहील बाजूला, खुब्याचं हाड घेऊन बसाल.

मी कंबरेसाठी तीन महिने घेतली होती, रोज रात्री १० मि.ग्रॅ. पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं, मग बरं झालं. झोप थोडी सुधारली. कंबर मात्र होती तशीच. सोडली. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, मला चाललेली तुमच्या आईला चालेल असं नाही.

औषधपेढी (नांदेड)

१९ वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून आधी माझा प्रश्न. आई आणखी कोणत्या गोळ्या घेतात? बीपी, शुगर, थायरॉइड, हृदय, फिट्स, झोपेची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, सगळ्या पाकिटांवरची नावं वाचून इथं लिहा. ती कळेपर्यंत आज रात्रीची कॅप्सूल देऊ नका. गोळ्यांची यादी न पाहता कंपनी आणि डोस सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो मी का असेना.

आता डबी. समोरचा मोठा आकडा बहुतेक वेळा अख्ख्या डबीचा असतो. १५०० भागिले ३०, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ५० मि.ग्रॅ. पण ५० मि.ग्रॅ. कशाचे? तुमच्या डबीवर 'विजया अर्क' आहे. विजया म्हणजे भांग, आणि तिचा अर्क म्हणजे नुसतं सीबीडी नव्हे. त्यात सीबीडी असतं आणि नशा आणणारं टीएचसीही असतं, कोणतं किती हे त्या त्या अर्कावर. 'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसीसकट सगळं, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसी काढून उरलेलं, 'आयसोलेट' म्हणजे फक्त सीबीडी. सकाळचं गरगरणं टीएचसीचंही असू शकतं. नोकरीत लघवीची तपासणी होत असेल तर फुल स्पेक्ट्रममुळं ती पॉझिटिव्ह येऊ शकते, हेही वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

म्हणून कंपनीकडं त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागायचा. डबीवरचा बॅच नंबर आणि अहवालावरचा नंबर जुळला पाहिजे. एका कॅप्सूलमध्ये सीबीडी किती, टीएचसी किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, कीटकनाशकं आणि अर्क काढताना वापरलेलं सॉल्व्हंट तपासलेलं हवं. भांगेचं झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं, म्हणून हे वरवरचं समजू नका. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता असावी. अहवाल द्यायला जो टाळाटाळ करतो त्याची डबी घेऊ नये. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन मिळणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तर लेबलवरचा आकडा जेमतेम ३१ टक्क्यांमध्येच बरोबर निघाला. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

डोसचं सांगतो, पण ज्याला दुसरं कोणतंही औषध चालू नाही अशा धडधाकट माणसापुरतं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं २०२० साली दिवसाला ७० मि.ग्रॅ.ची मर्यादा सांगितली होती, २०२३ च्या ऑक्टोबरात ती १० मि.ग्रॅ.वर आणली. म्हणजे तुमच्या पहिल्या कॅप्सूलनंच ती ओलांडली असेल. कॅप्सूल अर्धी करता येत नाही, म्हणून सुरुवातीला ५ किंवा १० वालीच घ्यावी. दोन दिवसांत फरक नाही म्हणून वाढवायची नसते. रोज घेतलं की सीबीडी अंगात साठत जातं, निम्मं उतरायला दोन-अडीच दिवस लागतात. आज घेतलेल्याचा परिणाम पुढच्या आठवड्यात दिसू शकतो.

आणि जेवण! तुपातेलाच्या जेवणासोबत घेतली की रक्तात चार-पाच पट जास्त उतरते. एका रात्री उपाशीपोटी आणि दुसऱ्या रात्री तुपाच्या पुरणपोळीवर, तर डबी तीच पण डोस तो राहत नाही. जी काही घ्यायची ती रोज एकाच प्रकारच्या जेवणानंतर.

शेवटी गुडघा. ऑस्ट्रियात गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांना रोज ६०० मि.ग्रॅ. सीबीडी आठ आठवडे देऊन पाहिलं. नुसत्या दिसायला तशाच, आत औषध नसलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा दुखणं जास्त कमी झालं नाही. अभ्यास २०२३ साली छापून आलाय. ६०० नं जे झालं नाही ते २० किंवा ५० नं होईल, असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

केजची_अनिता (बीड)

मधेच विचारते. माझ्याकडं 'हेम्प सीड ऑइल ५०० मि.ग्रॅ.' कॅप्सूल आहेत. म्हणजे मी ५०० मि.ग्रॅ. सीबीडी घेतेय का? घाबरले वाचून.

औषधपेढी (नांदेड)

नाही ताई, घाबरू नका. ते बियांचं तेल, जवसाच्या किंवा करडईच्या तेलासारखं खायचं तेल. त्यात सीबीडी असलंच तर नावापुरतं. भांगेच्या बिया आणि बियांचं तेल अन्न म्हणून विकायला २०२१ साली परवानगी मिळालीय. फक्त ते दुखण्यावरचं सीबीडी म्हणून कुणी चढ्या भावानं विकलं असेल तर पैसे परत मागा.

लेकराची_आई (परभणी)

माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला फिट्स येतात. दोन वर्षांपूर्वी मीही असंच वाचून सीबीडीच्या मागं लागले होते. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी बसवून समजावलं, ते लिहिते.

फिट्सच्या काही दुर्मिळ आजारांत सीबीडीचा उपयोग पक्का सिद्ध झालाय. अमेरिकेत २०१८ साली त्याच्या तोंडी औषधाला मंजुरी मिळाली. पण तिथं डोस किलोवर मोजतात. दिवसाला किलोमागं ५ मि.ग्रॅ.पासून सुरुवात, म्हणजे २० किलोच्या लेकराला १००. हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली, यकृताच्या तपासण्या करत. फिट्सचीच व्हॅल्प्रोएट ही गोळी चालू असेल तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. माझ्या मुलाला तेच चालू आहे. क्लोबाझाम ही फिट्सची दुसरी गोळी असेल तर त्याचा अंमल वाढून लेकरू दिवसभर गुंगीत राहतं. आणि त्याचा आजार त्या दुर्मिळ प्रकारांतला नाही. मी डबी मागवली नाही.

देवणीकर दादा, औषधपेढीवाल्यांनी मागितलेली यादी आधी द्या. बाकी सगळं नंतर.

देवणीकर

आईची पिशवी उपडी करून बसलोय. बीपीची अॅम्लोडिपिन. शुगरची मेटफॉर्मिन. आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन ५, रोज संध्याकाळी. बारा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललीय, धातूची बसवलीय. हे आधी लिहायला पाहिजे होतं, पण गुडघ्याशी त्याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. चिठ्ठी देणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं. आत्ता आईनं दंड दाखवला, दाराची कड लागली होती तिथं हाताएवढा निळा डाग पडलाय. दोन महिन्यांपासून रक्ताची तपासणीही केलेली नाही.

औषधपेढी (नांदेड)

कॅप्सूल बंद. आजपासून, पूर्ण बंद.

वॉरफरिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. धातूच्या झडपेवर गुठळी झाली तर जीवावर बेतेल. झडपेच्या डॉक्टरांना आत्ता फोन करून दोन्ही गोष्टी सांगा, कॅप्सूलची आणि डागाची. आज रात्रीची गोळी द्यायची की नाही, हे तेच ठरवतील. सकाळी पहिल्यांदा उदगीरला जाऊन पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याची तपासणी, करा. काळी शी, लघवीतून रक्त, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, अचानक जोराची डोकेदुखी, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

का, ते सांगतो. यकृतातली जी एन्झाइम वॉरफरिन मोडून बाहेर काढतात, त्यांनाच सीबीडी अडवतं. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात ती जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहते आणि रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं. एका रुग्णाला सीबीडी सुरू केल्यावर वॉरफरिन सुमारे ३० टक्के कमी करावी लागल्याची नोंद २०१८ साली छापून आलीय. आपल्याकडं जास्त चालणाऱ्या असेनोकूमरॉल या तशाच गोळीबाबतही हीच काळजी घ्यायची.

दुसरी विनंती. सीबीडी बंद केलं म्हणून मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्त पातळ असताना तर फारच. पॅरासिटामॉलही किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारूनच.

वैद्य_सेलू (परभणी)

आयुर्वेदाचा म्हणून दोन शब्द. 'विजया आहे, म्हणजे वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही' हे माझ्याकडं रोज ऐकायला मिळतं. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात वत्सनाभ, कुचला, धोतरा यांच्या पंगतीला भांग बसवलेली आहे, आणि अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं ही सूचना छापणं बंधनकारक आहे. आपल्या डबीवर शोधा. शास्त्रातही भांग कच्ची वापरत नाहीत. धुऊन, वाळवून, गाईच्या तुपात परतून मगच औषधात घालतात.

वडिलांच्या शंकेबद्दल. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून आयुष (आयुर्वेदिक औषधांच्या) परवान्याची पानांच्या अर्काची औषधं चिठ्ठीवर विकली जातात. डबीवर परवाना क्रमांक असावा, बिल आणि चिठ्ठी सोबत ठेवावी. परदेशातून कुरियरनं मागवू नये, आणि दुबईला जाणाऱ्याच्या बॅगेत चुकूनही देऊ नये, तिथले कायदे फार कडक आहेत. पण मुळात चिठ्ठी देणाऱ्यानं नाडी सोडा, चालू गोळ्याही विचारल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. गर्भार, अंगावर पाजणाऱ्या, यकृताचा त्रास असलेले, यांना हे कुणीही फोनवर देऊ नये.

देवणीकर

परवाचं सांगतो. आयएनआर ४.४ आला. आईचा २.५ ते ३.५ मध्ये असावा लागतो. डॉक्टर रागावले नाहीत, पण डबी हातात घेऊन बराच वेळ वाचत बसले. नुसतं कॅप्सूलमुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, तपासणीही चुकली होती, म्हणाले. एक दिवस वॉरफरिन थांबवायला सांगितली, मग पूर्वीचाच डोस, आणि सोमवारी पुन्हा रक्त. सीबीडी अंगातून जाईल तसा आकडा खालीही घसरू शकतो, म्हणून पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला तपासायचंय.

गुडघ्यासाठी फिजिओथेरपीवाल्या ताईंकडं नेलं. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम दिलेत. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची, दहा मोजायचं, सोडायचं. खाली मांडी घालून बसणं बंद, भाकरी ओट्यावर उभ्यानं. संडासात खुर्ची बसवली. झोपताना गुडघ्यांच्या मधे उशी द्यायला सांगितली, त्या उशीमुळं कूस बदलताना कळ कमी येतेय असं आई म्हणते. गरगरणं तिसऱ्या दिवशी थांबलं.

उरलेल्या २६ कॅप्सूलचं काय करू? भाऊ म्हणतो परत पाठव, त्याच्या सासूला देतो.

औषधपेढी (नांदेड)

सासूबाईंची पाकिटं वाचल्याशिवाय नको. डबी सध्या कुलपात ठेवा, डॉक्टरांना पुन्हा दाखवायला लागेल. आणि झालेला प्रकार १८००-१८०-३०२४ वर कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद तिथं होते, फोन फुकट आहे. बॅच नंबर हाताशी ठेवा, तो विचारतील.

सोमवारचा आकडा इथं टाका.