हळवी, दुबळी की धसका घेतलेली?

खोडरबर: एका अंकासाठी 'द लेजंड ऑफ कोरा' या कार्टून मालिकेवर लिहितेय; कोरा ही तिची नायिका. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी शत्रू कोराच्या अंगात पारा भिनवतात. चौथ्यात (२०१४) तीन वर्षं उलटली तरी ती सावरलेली नाही, स्वतःचंच भूत समोर दिसतं. मी 'हळवी झालेली कोरा' लिहिलं, संपादकांनी 'दुबळी' केलं. ते अजिबात पटत नाही, पण माझाही शब्द बसत नाहीये.

पेठेतला: हळवी म्हणजे नाटकात डोळ्याला पदर लावणारी. कोरा पहिल्यापासून धसमुसळी. तेव्हा लोक तिला आगाऊ म्हणाले, खचली तर दुबळी. बाईने नक्की किती खमकं असायचं, याचं माप कुणाकडे आहे?

कोथरूडकरीण: 'धसका घेतलेली' म्हणा की. आमची आत्या लक्ष्मी रोडवर स्कूटरवरून पडली. पुढे कितीतरी दिवस बस जवळून गेली की हात थरथरायचे, पण गाडी सोडली नाही. तिला दुबळी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

शुद्धमती: धसका बोलण्यात ठीक, लेखात 'विकल' हवं. आणि कार्टून नको, सचेतनपट म्हणा.

पेठेतला: विकल कोरा! लेखच विकल होईल.

शुद्धमती: सावरकरांनी घडवलेला 'दिग्दर्शक' बिनदिक्कत वापरता ना? तसाच हाही रुळेल.

शेवटचा बाक: आधीच्या मालिकेतला नायक आंग जबाबदारीला घाबरून पळाला, शंभर वर्षं बर्फात गोठून राहिला. त्याला कोण दुबळा म्हणतं? सगळे म्हणतात, लहान आहे बिचारा.

खोडरबर: तो बारा वर्षांचा, ही सुरुवातीलाच सतराची. तेवढी सूट द्यायलाच हवी. पण आंगची सोबतीण तोफ बघा (मराठीत नाव काय शोभतं!). जन्मांध, तरी दुबळी कुणी म्हणत नाही, कारण तोंडाने फाडून खाते. कोरा भटकत तिच्याचकडे पोहोचते, आणि अंगात उरलेला पारा शेवटी स्वतःच काढते. हे दुबळीचं काम?

शेवटचा बाक: 'सेलर मून' या जपानी कार्टूनमधली नायिका उसागी आठवा. आधी भोकाड, मग लढाई. आमच्याकडे तिला रडूबाई म्हणायचे. गंमत म्हणजे रडणाऱ्या मुलालाही रडूबाईच म्हणतात.

पेठेतला: पुरुषांसाठी रडतराऊत आहे की. राऊत म्हणजे घोडेस्वार. रडला तरी घोडा त्याच्याकडेच!

भातखाचर: मी मावळातला. आमच्याकडे हळवं म्हणजे लवकर तयार होणारं भात. पाऊस लवकर उघडला तरी ते हाती लागतं, गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, मात्र शेवटच्या पाण्यावाचून पळींज होतं, दाणा भरतच नाही. शेतात हळव्याला कुणी कमी लेखत नाही.

शुद्धमती: हळवं लघुपासून, गरवं गुरुपासून. म्हणजे कमीच.

भातखाचर: लघु म्हणजे कमी, हे पेठेत. आमच्याकडे लघु म्हणजे आधी घरात.

कोथरूडकरीण: मग आंबेमोहोर हळवा की गरवा?

भातखाचर: कुठला आंबेमोहोर? त्या नावाखाली पिशवीत काय काय विकतात ते आधी बघा.

कोथरूडकरीण: आमचा वाणी तसला नाही हं.