जहाजावरची बंदूक की तोफ? आणि विमानविरोधी की विमानवेधी?

देवगडहून, प्रश्न:
एका भाषांतराचं मुद्रितशोधन करतेय. विषय दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्रावरच्या लढाया. पानोपानी ‘युद्धनौकेवरील बंदुका’ आहेत: सहा इंची बंदुका, बारा पौंडी बंदुका, विमानविरोधी बंदुका. वाचताना मला आमच्या माळ्यावरची आजोबांची ठासणीची बंदूक दिसते, रानडुकरांसाठी ठेवलेली. म्हणून मी ‘तोफ’ करत सुटले. आता भाषांतरकार रागावलेत. म्हणतात, मूळ शब्द ‘गन’ आहे, आणि तोफ म्हणजे किल्ल्यावरची. काय ठेवू?

मुरूडहून:
तोफच ठेवा, ताई. इंग्रजीत पिस्तुलापासून युद्धनौकेपर्यंत सगळ्याला ‘गन’ चालतं, मराठीत चालत नाही. आपल्याकडे बंदूक माणूस खांद्याला लावतो, तोफ बसवावी लागते. गंमत म्हणजे दोन्ही शब्द मुळात गोल वस्तूंचे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, सुपारीच्या भावंडासारखं एक टणक फळ. त्यावरून फेकायच्या गोटीला तेच नाव पडलं आणि मग ती फेकणाऱ्या हत्याराला. तोफेचं मूळ तुर्की ‘तोप’. तुर्कीत आजही चेंडू आणि तोफ या दोघांना हा एकच शब्द आहे. म्हणजे गोटी सुटते ती बंदूक, चेंडू सुटतो ती तोफ. मराठीने तर गोळी आणि गोळा असा लिंगभेदच करून ठेवलाय. भाषांतरकारांना एवढंच विचारा, सहा इंची ‘बंदुकीतून’ काय सुटतं? त्या गोळ्याचं वजन पन्नास किलोच्या घरात असतं. रेशनच्या तांदळाचं अख्खं पोतं! त्याला गोळी म्हणणार?

आणि ‘किल्ल्यावरची’ म्हणाल, तर आमच्या जंजिऱ्यावर कलाल बांगडी तोफ आहेच, पण आंग्र्यांच्या गुराबांवर, म्हणजे लढाऊ जहाजांवर, काय होतं? गुराबेच्या नाळेवर तोफा असत, समोरच्या जहाजावर मारा करायला. (तारवाचं पुढचं टोकही नाळ आणि तोफेची नळीही नाळ.) १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा जहाजांवरूनच फुटणारे गोळे टाकले. एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन आंग्र्यांचं आरमार जळालं. असल्या फुटणाऱ्या गोळ्याला जुन्या मराठीत ‘कुलपी गोळा’ म्हणत. तुमच्या पुस्तकात ‘शेल’ आला असेल तर हा शब्द वापरून बघा. कोणी वापरणार नाही हे मला माहीत आहे, तरी.

वेंगुर्ल्याहून:
गो बाय, मी सत्तरच्या दशकात नौदलात होतो. चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्सवर. आम्ही ना बंदूक म्हणायचो, ना तोफ. गन म्हणायचो. गनवर जा, गन साफ कर, गन गरम झाली. तेव्हा तोंडातला शब्द हवा असेल तर ‘गन’ लिही, छापायचा हवा असेल तर ‘तोफ’.

बोफोर्स म्हटल्यावर आजची पोरं १९८६ च्या करारातली १५५ मिलिमीटरची समजतात. ती वेगळी, जमिनीवरची. आमची तिच्याहून कितीतरी जुनी. दुसऱ्या महायुद्धात ती दोन्ही बाजूंच्या हातात होती. चार गोळ्यांची एक पट्टी वरून हाताने भरायची, ती संपायच्या आत पुढची. मिनिटाला शंभरावर गोळे जातात, भरणाऱ्याला घाम पुसायला उसंत नसते. कानात कापूस कोंबायचो. आता बायको मोठ्याने बोलते ते त्यामुळेच.

देवगडहून:
काका, मग वीस मिलिमीटरची ओर्लिकॉन कुठे टाकू? ती तर एकटा माणूस चालवतो.

वेंगुर्ल्याहून:
वीसपासून तोफ धरतात. खाली मशीनगन. पण ‘मशीनगन’चं मराठी करू नकोस, कोणाला कळणार नाही.

गुहागरहून:
तोफेचा निकाल लागला, पण ‘विरोधी’वर कोणी बोललंच नाही. विमानविरोधी म्हणजे काय, विमानाविरुद्ध मोर्चा काढणार? काही जण ‘विमानभेदी’ लिहितात, तेही मला पटत नाही. रणगाड्याचं पोलाद भेदावं लागतं, तिथे भेदी ठीक. विमानावर सोडलेला मोठा गोळा बहुतेक वेळा विमानाला लागतच नाही. तो जवळपास फुटतो आणि त्याच्या ठिकऱ्या काम करतात.

म्हणून ‘विमानवेधी’. वेध म्हणजे नेम, आणि वेध म्हणजे येणाऱ्याची चाहूलही. चाकरमान्यांना गणपतीचे वेध लागतात ते गणपती यायच्या आधी. इथेही तेच. गोळ्याला वर पोचायला पाच सेकंद लागणार असतील आणि विमान ताशी ३६० किलोमीटरने जात असेल, तर ते तेवढ्यात पाचशे मीटर पुढे सरकतं. विमानावर नेम धरला तर गोळा मोकळ्या आभाळात. आमच्या खाडीत पाग टाकणारा कधी माशावर पाग टाकत नाही, मासा जिथे पोचणार तिथे टाकतो. जाळं हातातून सुटून उघडेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो.

मुरूडहून:
वेधी मान्य. पण एक भर घालतो. तोफा ‘विमानवेधी’ असल्या म्हणून फक्त विमानावरच चालतात असं नाही. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, मुरगाव बंदरात आपल्या नौदलाच्या बेतवा आणि बियास या युद्धनौका शिरल्या आणि पोर्तुगीजांच्या अफोन्सो द अल्बुकर्क या युद्धनौकेवर त्यांनी गोळे टाकले. या दोन्ही फ्रिगेटी मुळात विमानवेधी कामासाठीच्या, साडेचार इंची तोफांच्या. त्या दिवशी मारा झाला तो जहाजावर.

देवगडहून:
ठरलं. तोफ, विमानवेधी, मशीनगन. ‘बारा पौंडी’ तशीच ठेवते, तिथे पौंड गोळ्याच्या वजनाचे आहेत आणि तोंडाचा व्यास तीन इंच, एवढं पहिल्यांदा येईल तिथे सांगते. ११ नोव्हेंबर १९४२ ला रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगॉल’ असल्या एकाच तोफेनिशी दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंजली, ते प्रकरण पुस्तकात आहे. तिथे ‘गनर’चं मी मोठ्या हौसेने ‘गोलंदाज’ केलं होतं. काल पुतण्याने ते पान वाचलं आणि विचारलं, ‘आत्या, हा फिरकी टाकायचा की जलद?’

‘तोफची’ लिहिलं तर कोणी हसेल का?