मदत हवी आहे: दोनच संघांची लीग, त्यातल्या एका क्लबचा इतिहास कसा लिहू?

मंडळी, सिली बेटांवरच्या वूलपॅक वाँडरर्स या फुटबॉल क्लबवर लेख लिहायला घेतलाय आणि पार अडकलोय. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडची ही बेटं, लोकवस्ती जेमतेम दोन हजारांची. लीगमध्ये संघ दोनच, हे आणि गॅरिसन गनर्स. रविवारी सेंट मेरीज बेटावरच्या गॅरिसन मैदानात पुन्हा तेच दोघे समोरासमोर! पूर्वी हेच संघ रोव्हर्स आणि रेंजर्स होते, आताची नावं १९८४ पासूनची.

खरी गोची पुढे आहे. हंगामाआधी दोन्ही कर्णधार आळीपाळीने खेळाडू निवडतात, अगदी गल्लीत आपण 'हा माझा, तो तुझा' करायचो तसं. म्हणजे गेल्या वर्षी वाँडरर्ससाठी गोल मारणारा यंदा त्यांच्याच विरुद्ध उभा. मग 'क्लबचे खेळाडू' म्हणायचं कुणाला? सगळ्यांचीच नावं दोन्हीकडे येणार!

मला वाटतं, एका क्लबचा वेगळा इतिहास लिहिण्यात अर्थ नाही, दोघांचा मिळूनच लिहावा. पण संपादकांना एकाचाच हवाय. हंगामवार मांडू की कर्णधारांच्या अंगाने? क्रीडालेखन केलेल्यांनी जरा सुचवा ना.