पंपाच्या बाहेरच्या पॅनलमध्ये पाणी शिरतंय, ग्लँड आणि पाइप कसे निवडावेत?

कलमांची_बाग, देवगड

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, समुद्र दोनेक किलोमीटरवर. विहिरीत 5 एचपीचा तीन फेजचा सबमर्सिबल पंप आहे. मांगरात खतं आणि पेट्या असल्यामुळे पंपाचं पॅनल बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर लावलेलं आहे, समुद्राच्या बाजूला.

पावसाळ्यात पंप बंदच असतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर लहान कलमांना पाणी द्यायचं म्हणून पॅनल उघडलं, तर तळाला बोटभर पाणी, कॉन्टॅक्टरचे स्क्रू हिरवे पडलेले आणि दोन फेजच्या मधे मेलेली पाल. कॉन्टॅक्टर आणि रिले दोन्ही बदलावे लागले. या वर्षी आगोटीच्या कामातच पत्र्याची पेटी काढून आयपी 65 ची चांगली प्लास्टिकची पेटी बसवून घेतली. दाराला जाड रबर आहे, चार स्क्रूंनी आवळतं. वाटलं, आता चिंता मिटली. मृगाचे आठ दिवस पडल्यावर उघडून पाहिलं तर पुन्हा तळ ओला.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे दाराचं रबर कोरडं होतं. त्याच्या खाचेत पेटी बसवतानाची धूळसुद्धा तशीच होती. मात्र वरून येणाऱ्या लाल वायरवर आतल्या बाजूने पाण्याची रेघ उतरलेली दिसली.

जोडणी अशी आहे: मीटरकडून 25 मिमीचा पांढरा पीव्हीसी पाइप पेटीच्या डोक्यावर येतो, बेंड सरळ भोकात घातलाय आणि भोवती सिलिकॉन लावलंय. त्या पाइपात चार सुट्या वायर आहेत. विहिरीकडून पंपाची चपटी केबल वळ्यावळ्यांच्या फ्लेक्सिबल नळीतून खालून आत येते. तिसरं भोक रिकामं आहे, त्यात वायरमनने चिंधी कोंबली होती.

ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला आवळून धरणारा जोड, नायलॉनचे घ्यावेत की पितळेचे? माप कसं सांगायचं? आणि तळाला पाणी जायला भोक पाडावं का? इथे याबाबत प्रत्येक जण वेगळं सांगतो.

पॅनल_वायरमन, चिपळूण

ताई, तुम्ही रबरावरची धूळ पाहिलीत, अर्धं काम तिथेच झालं. पाणी दारातून येत नाही, पाइपातून येतं. मी सव्वीस वर्षं पॅनल बांधतो आणि पावसाळ्यानंतर उघडलेल्या दहातल्या आठ पेट्यांत हेच सापडतं.

पहिलं म्हणजे मेन खाली, फ्यूज काढून खिशात, आणि टेस्टरने तिन्ही फेज तपासल्याशिवाय आत बोट घालू नका. तळ ओला आहे आणि खाली चिखल आहे, तेव्हा पायात रबरी चपला आणि खाली कोरडी फळी हवीच. मीटरच्या पेटीला महावितरणचं सील असतं, त्या बाजूला आपण हात लावायचा नाही. जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. मी लिहितोय ते त्याच्याशेजारी उभं राहून पाहण्यासाठी.

आता आयपी 65 चा अर्थ. 6 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, 5 म्हणजे चारी बाजूंनी पाण्याची धार मारली तरी चालतं. पण हा आकडा भोकं न पाडलेल्या, किंवा योग्य ग्लँडने बंद केलेल्या पेटीचा. तुमच्या पेटीला तीन भोकं पडली आणि त्यातलं सगळ्यात कच्चं भोक म्हणजे आता तुमच्या पेटीचा आकडा. चिंधी तर पाणी ओढून घेते आणि धरून ठेवते.

डोक्यावरून पाइप आणणं ही मूळ चूक. पाऊस पाइपाच्या अंगावरून ओघळतो आणि थेट त्या सांध्यावर येऊन थांबतो. सिलिकॉन तिथे का टिकत नाही ते सांगतो. पीव्हीसी उन्हात वाढतं. साधारण तीन मीटरचा पाइप तीस अंशांच्या फरकाला पाच-सहा मिमी लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोज एवढी हालचाल झाली की सिलिकॉन पाइपाच्या बाजूने सुटतं. फट नखाएवढीही नसते, पाण्याला तेवढी पुरते. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते पॅनलच्या आत अजिबात वापरू नका, ते सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं हिरवं पडतं. खाऱ्या हवेच्या जोडीला तुमच्या स्क्रूंना त्याचाही त्रास झाला असेल.

दुसरी वाट लोकांच्या लक्षातच येत नाही. विहिरीकडची नळी दोन्ही टोकांना उघडी असेल तर ती विहिरीची दमट हवा पेटीत आणून सोडते. दुपारी उघडीप पडली की पेटी तापते, आतली हवा फुगून बाहेर जाते. मग एक जोराची सर आली की पेटी झटक्यात गार होते, हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून ओली हवा, प्रसंगी पाणीसुद्धा आत ओढते. त्याचं दव धरतं आणि तळाला उतरतं. म्हणून नळीचं तोंड आतून बंद करणं पाऊस अडवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्यासाठी न सुकणारी, कणकेसारखी मऊ राहणारी डक्ट सीलची पुट्टी मिळते. घट्ट होणारी नको, पुढे केबल बदलायची झाली तर फोडावी लागते.

करायचं असं. सगळ्या केबल तळातून आत घ्या. डोक्यावरचं भोक आणि तिसरं भोक वॉशरसकट ब्लँकिंग प्लगने बंद करा, चिकटपट्टी नाही, पुट्टी नाही. मीटरकडचा पाइप पेटीच्या बाजूने खाली उतरवून तळाच्या वीतभर खाली, तोंड जमिनीकडे ठेवून संपवा. तिथून केबल बाहेर काढून खाली झोल द्या आणि मग वर वळवून ग्लँडमध्ये घ्या. अंगावरून आलेलं पाणी झोलाच्या टोकाशी ठिबकून जातं, ते वर चढत नाही. पाइप सलग वाकवून पेटीत नेला तर वळणात पाणी साचतं, म्हणून मला उघडा झोल जास्त पसंत. सॅडल, म्हणजे पाइप भिंतीला धरणाऱ्या पट्ट्या, मात्र घट्ट आवळू नका, पाइपाला सरकायला जागा राहू द्या.

यात एक अडचण आहे: सुट्या चार वायर ग्लँडमधून घेता येत नाहीत. ग्लँडचं रबर गोल केबलला चारी बाजूंनी आवळतं. चार वायरी एकत्र घातल्या की मधे चांदणीच्या आकाराची पोकळी राहते. म्हणून मीटरपासून पॅनलपर्यंत बाहेरचं आवरण असलेली गोल केबल घ्याच. हा खर्च टाळून कुठलाही ग्लँड उपयोगाचा नाही.

माप. दुकानात जाऊन "4 स्क्वेअरचा ग्लँड द्या" म्हणू नका, 4 स्क्वेअर हे आतल्या तांब्याच्या छेदाचं माप आहे, केबलच्या जाडीचं नाही. कागदाची पट्टी केबलभोवती गुंडाळा, जिथे मिळते तिथे खूण करा, मोजा, 3.14 ने भागा. समजा 39 मिमी भरली, तर जाडी साडेबारा मिमीच्या आत-बाहेर. पीजी 16 चा ग्लँड साधारण 10 ते 14 मिमीच्या केबलला धरतो, तो बरोबर. केबल त्या हद्दीच्या मधोमध पडावी. टोकाला पडली की एक तर रबर धरत नाही किंवा टोपी चढत नाही. पीजी 16 ला भोक साडेबावीस मिमीचं लागतं. ते होल सॉने किंवा स्टेप ड्रिलने पाडायला सांगा. तापवलेल्या सळईने पाडलेलं भोक वाकडं होतं आणि कडेला गाठी राहतात, त्यावर वॉशर बसत नाही. पीजी आणि एम या दोन वेगळ्या आट्या आहेत, एकाचं चेकनट (पेटीच्या आतून आवळायचा नट) दुसऱ्यावर मारून चढवू नका.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. या ग्लँडच्या आट्या पाणी अडवत नाहीत. त्या सरळ आट्या असतात, नळाच्या निमुळत्या आट्यांसारख्या आवळून बंद होत नाहीत, त्यामुळे टेफ्लॉन गुंडाळून फायदा नाही. पाणी अडवतो तो वॉशर. आणि तो पेटीच्या बाहेर, ग्लँडचा कॉलर आणि पेटीची भिंत यांच्या मधे बसायला हवा. चेकनट आत. कितीतरी ठिकाणी वॉशर आत, चेकनटखाली बसवलेला मी पाहिलाय. तो दिसतो घट्ट, पण पाणी कॉलरखालून आट्यांच्या वाटेने शिरतं. नायलॉनची टोपी हाताने पूर्ण फिरवून मग पान्याने अर्धा फेरा. त्यापुढे गेलात तर आट्या जातात.

नायलॉन की पितळ? साध्या केबलला काळं, उन्हाला टिकणारं नायलॉन. खाऱ्या वाऱ्यात ते गंजत नाही. आर्मर्ड केबल, म्हणजे आवरणाखाली लोखंडी तारांचं चिलखत असलेली केबल, असेल तर निकेल चढवलेला पितळी डबल कम्प्रेशन ग्लँड, तो तारांनाही धरतो आणि बाहेरच्या आवरणालाही वेगळं सील करतो. पण तुमची पेटी प्लास्टिकची आहे हे विसरू नका. पत्र्याच्या पेटीत ग्लँड आपोआप अर्थिंगला लागतो, प्लास्टिकच्या पेटीत तो अधांतरी राहतो. त्याखाली अर्थ टॅग घालून तिथून अर्थ बारपर्यंत हिरवी वायर ओढलीच पाहिजे. ती नसेल आणि कुठे शॉर्ट झालं तर त्या पितळेला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. पेटीचे स्क्रू आणि सॅडल स्टेनलेसचे घ्या.

पंपाची चपटी केबल गोल ग्लँडमध्ये कधीच बंद होत नाही, दोन्ही कडांना फट राहते. विहिरीच्या काठावर, पुराच्या पाण्याच्या वर, छोटा जंक्शन बॉक्स लावा. चपट्या केबलसाठी आडवी खाच असलेलं रबर घातलेला ग्लँड मिळतो, तो तिथे. पुढे पॅनलपर्यंत गोल केबल.

तळाला भोक: माझं मत, तयार ड्रेन प्लग लावा, ज्यातून थेंब बाहेर जातो आणि हवा खेळते. नुसतं भोक पाडलंत तर पेटीचा आकडा गेला.

आणि जमलं तर भिंत बदला. नैऋत्येची झड अंगावर घेणाऱ्या भिंतीवर पॅनल असूच नये. पूर्वेच्या भिंतीवर, पागोळ्यांच्या आत, वर पत्र्याची छोटी पाखी.

द्राक्षबाग, पिंपळगाव बसवंत

आमच्याकडे पाऊस तुमच्या मानाने काहीच नाही, पण उघड्या पाइपाचा त्रास वेगळा आहे. तोंड जमिनीकडे केलेल्या पाइपात कुंभारीण मातीचं घर करते. एकदा तसं घर झालं की पाणी आतच अडतं. दादांनी सांगितल्याप्रमाणे पाइप खाली संपवलात तर त्या तोंडाला स्टेनलेसची बारीक जाळी लावा, पुट्टी लावू नका, तिथून पाणी निघायलाच हवं. ताईंच्या पालीचा प्रश्नही त्यानेच सुटेल. मुंग्यांसाठी मात्र आतली पुट्टीच कामाला येते.

मालवणचो, सध्या दुबईत

इथे पाऊस वर्षातून मोजके दिवस, तरी बाहेरच्या प्रत्येक ग्लँडवर रबरी टोपी चढवल्याशिवाय काम पास होत नाही, कारण ऊन आणि बारीक वाळू. गावी ती टोपी पावसासाठी वापरा, थोड्या पैशात मिळते.

पॅनल बसवल्यावर पावसाची वाट बघू नका. वीज पूर्ण बंद करून आत चारी बाजूंना आणि तळाला वर्तमानपत्र लावा, दार आवळा आणि बागेच्या पाइपाने तीन मीटरवरून सगळ्या बाजूंनी तीनेक मिनिटं पाणी मारा. आयपी 65 ची खरी चाचणी 6.3 मिमीच्या नोझलने मिनिटाला साडेबारा लिटर अशी असते, घरचा पाइप त्याच्या आसपास जातो. बाहेरून पुसून मग उघडा. कागद कुठे ओला झाला तेच भोक कच्चं. आणि आयपी 67 म्हणजे 65 पेक्षा सगळ्या बाबतीत वरचढ असं दुकानदार सांगतात, ते बरोबर नाही. 67 ही पाण्यात अर्धा तास बुडवण्याची परीक्षा आहे, धारेची वेगळी.

कलमांची_बाग, देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. पावसात दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा काम करून घेतलं. पॅनल पूर्वेच्या भिंतीवर नेलं, वर पाखी केली. मीटरपासून गोल केबल, तीन पीजी 16, विहिरीवर जंक्शन बॉक्स आणि जाळी लावलेली पाइपाची तोंडं. वायरमनदादांना चिपळूणच्या दादांचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तसंच केलं.

मग वर्तमानपत्र लावून पाणी मारलं. तीन कागद कोरडे, तळाच्या कागदावर मात्र उजव्या ग्लँडभोवती बांगडीएवढा ओला डाग. ग्लँड काढून पाहिला तर वॉशर आतल्या बाजूला, चेकनटखाली. बाहेर घेऊन पुन्हा बसवला, नवा कागद लावला, पुन्हा पाणी मारलं. कोरडा. तोच कागद आतच ठेवलाय. त्यानंतर अकरा दिवस संततधार होती, काल मेन बंद करून उघडून पाहिलं, कागद करकरीत होता.

एक विचारायचं राहिलं, चिपळूणचे दादा: ती मऊ पुट्टी दर वर्षी बदलावी लागते का?

पॅनल_वायरमन, चिपळूण

नाही ताई. दर आगोटीला बोटाने दाबून बघा. दबली आणि केबलला चिकटून राहिली तर तीच ठेवा, कडेने सुटली असेल तर काढून, मळून पुन्हा भरा. त्याच वेळी ग्लँडच्या टोप्याही हाताने तपासा, पहिल्या वर्षात रबर थोडं बसतं आणि पाव फेरा ढिला होतो.