निर्वासित कुटुंबांतील आग्नेय आशियाई विद्यार्थ्यांना विद्यापीठात आधार कसा द्यावा?

प्रश्न: मी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका विद्यापीठात विद्यार्थी-सल्लागार आहे. माझ्याकडे येणारे अनेक ह्मोंग (मुख्यतः लाओसमधून आलेला समाज) आणि कारेन (म्यानमारमधील समाज) विद्यार्थी पहिल्याच वर्षी मागे पडतात. मात्र आमच्या अहवालांत ‘आशियाई’ हा एकच रकाना असल्यामुळे त्यांची अडचण कोणाच्या नजरेसच येत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: त्या रकान्यापासूनच करावी. १९७५ नंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून जीव मुठीत धरून आलेली कुटुंबे आणि नोकरीच्या व्हिसावर आलेले उच्चशिक्षित यांची एकत्र सरासरी काढली, तर पहिल्यांची गरज झाकली जाणारच. प्रवेश अर्जातच समाजनिहाय नोंद घ्यावी.

उत्तर २: माझ्या मते खरा पेच घरच्या जबाबदाऱ्यांचा आहे. आजीला रुग्णालयात नेऊन डॉक्टरांचे बोलणे तिला समजावून सांगणारी घरात एकटीच असलेली मुलगी चाचणी परीक्षेला मुकते आणि संकोचापोटी प्राध्यापकांना कारणही सांगत नाही. ह्मोंग अंत्यविधी तर कित्येक दिवस चालतात. अशा अनुपस्थितीसाठी लेखी नियम हवा; सवलत प्राध्यापकांच्या मर्जीवर सोडू नये.

उत्तर ३: आर्थिक मदतीचेही अवश्य पाहा. निर्वासित दर्जा असलेला विद्यार्थी नागरिक नसला, तरी इतर अटी पूर्ण केल्यास संघराज्य सरकारच्या शैक्षणिक मदतीस पात्र ठरतो. हे अनेक पालकांना कोणी सांगितलेलेच नसते. अर्ज भरताना त्यांची भाषा जाणणारा कर्मचारी शेजारी बसवा.