दांडपट्टा हातात असताना शस्त्र बदलून दाखवा

व्हिडिओ गेममध्ये लढता लढता शस्त्र बदलण्यावर कोणीतरी म्हटलं, "लढाईत कोण शस्त्रं बदलत बसतं, हे फक्त गेममध्येच", ते अर्धंच पटलं. भाला गेला की तलवार आणि अगदी अंगाला भिडला की कट्यार, हे तर खरंच चालायचं. डेव्हिल मे क्राय ३ (२००५) या गेममधला हिरो दांते एका बटणावर तलवार सोडून नानचाकू काढतो ते सोडा, ती निव्वळ स्टाइल आहे आणि मला आवडते पण.

पण एक गोष्ट कोणी बोललंच नाही, काही शस्त्रं मुळात बदलता येत नाहीत. इथे पुण्यात मर्दानी खेळ शिकणाऱ्या मित्राचा दांडपट्टा (लांब, लवचिक पात्याची तलवार) एकदा हातात घालून बघितला, घालूनच म्हणायचं कारण अख्खी मूठ लोखंडी खोबळ्यात जाते आणि आत आडवी दांडी धरायची, मनगट जवळपास लॉक. तो काढायलाच मला इतका वेळ लागला की समोरचा चहा पिऊन आला असता! उलट विटा या फेकायच्या भाल्याला दोरी असते, फेकला तरी ओढून परत हातात. असा पट्टेवाला हिरो गेममध्ये हवा, एक हात कायमचा अडकलेला आणि स्विचिंग फक्त डाव्या हाताने.