जयपूर फूट दुपारनंतर सैल पडतो, काळ्या रानात निसटतो. काय करावं?

रानवाट (जि. परभणी)
वडिलांना उजव्या गुडघ्याखाली जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, आहे. सॉकेट (पाय ज्यात बसवतात ती खोळ) एचडीपीई प्लॅस्टिकचं, आत फोमचं अस्तर, वर मांडीला पट्टा. सकाळी घट्ट बसतो. बारा-एकनंतर आत खटखट होते आणि नडगीच्या खालच्या टोकावर लाल डाग पडतो. सॉकेटच्या तळाशी कापूस भरा असं एकानं सुचवलंय. कापसाला इथं तोटा नाही, पण ते बरोबर आहे का? दुसरं म्हणजे चिखलात पाऊल रुतलं की पाय निसटायला बघतो. बूट घालावा का?

मापपट्टी
कापूस अजिबात नको. घामानं त्याचा गोळा होतो आणि भार नेमका हाडाच्या टोकावर येतो. या सॉकेटमध्ये टोकावर वजन घ्यायचंच नसतं. ते घ्यायचं गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर आणि नडगीच्या वरच्या, आतल्या बाजूच्या रुंद भागावर.

दिवसभराच्या दाबानं स्टंपमधलं (कापल्यावर उरलेल्या पायातलं) पाणी ओसरतं, स्टंप बारीक होतो आणि सॉकेटमध्ये खाली बसतो. म्हणून टोक घासतं. उपाय मोज्यांचा. 1, 3 आणि 5 प्लायचे स्टंपमोजे मिळतात; प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप. 1 प्लायचे दोन-तीन कायम खिशात ठेवायचे, खटखट सुरू झाली की लगेच एक चढवायचा. सुरकुती राहू देऊ नका, त्या जागी फोड येतो.

किती प्लाय हवेत हे कणकेनं कळतं. बोराएवढा गोळा पातळ पिशवीत बांधून अस्तराच्या तळाशी टाका, पाय घाला, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायला सांगा. भाकरीसारखा थापला गेला तर पाय खाली बसतोय, एक प्लाय वाढवा. जसाच्या तसा गोल राहिला तर मोजे जास्त झालेत. किंचित दबलेला हवा. मोजे वाढत वाढत 10-12 प्लायवर गेले की सॉकेटच नवं करून घ्या; तिथं मोज्यांची ठिगळं लावण्यात अर्थ नाही.

वाटीखालची लाली 10-15 मिनिटांत गेली तर चिंता नाही. हाडाच्या टोकावरची किंवा पोटरीच्या बाहेरच्या बाजूला वर असलेल्या हाडाच्या गाठीवरची टिकून राहिली, तर दुरुस्ती होईपर्यंत पाय घालू नये. मधुमेह असेल तर दुखेपर्यंत थांबूच नका, रोज आरशात बघा.

वाफसा
चिखलाचं सांगतो. मोज्यावर सॉकेटच्या काठाशी पेन्सिलीनं रेघ मारा आणि पाय हवेत उचलायला सांगा. रेघ सेंटिमीटरभर वर सरकली तर पट्टा सैल आहे किंवा मोजे कमी पडतात. ते जमल्याशिवाय ओल्या रानात जाऊच नये. आपली काळी माती चांगला पायसुद्धा सोडत नाही!

बूट नको. पाऊल अनवाणी चालीला जुळवलेलं असेल तर उंच टाचेच्या बुटानं सॉकेट पुढं कलतं आणि गुडघा सारखा वाकतो. पातळ, सपाट तळव्याची, मागून पट्टा असलेली सँडल चालेल. दोन्ही पायांत तीच.

1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी हे पाऊल घडवलं तेच उकिडवं बसायला, मांडी घालायला, शेतात अनवाणी फिरायला. घोट्यात लाकूड, टाच आणि चवड्यात स्पंजाचं रबर, वरून भाजलेल्या रबराचं कातडं. म्हणून पाण्याचं भय कमी. पण बोटांच्या वळणावर चीर पडली की ओल आत शिरते, लाकूड फुगतं आणि बोल्ट सैल होतो. दर आठवड्याला तिथं बोटानं दाबून बघा.

रानवाट
गोळा करून बघितला. सकाळी थोडा दबला, दोन वाजता पार चपटा.

मापपट्टी
मग साडेअकराला, खटखट व्हायच्या आधीच, 1 प्लाय चढवायला लावा आणि दोन वाजता पुन्हा गोळा टाका. तरी चपटाच निघाला तर आणखी एक. रात्री मोजे सौम्य साबणानं धुवा, अस्तर ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. पत्र्यावर उन्हात ठेवलं तर फोमचा आकार बिघडतो. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी नको, सांधा वाकलेलाच राहायला लागतो.